दव पडायच्या आत

"हे घेऊन जा ताई, यात सगळं होऊन जातं." महिपतशेठनी काउंटरवर वाळूच्या फवाऱ्याने रंग काढायची, लाल डब्याची एक गन ठेवली आणि शेजारी एक छोटासा कॉम्प्रेसर सरकवला. "वाळू काय, तुमच्याकडे समुद्रावर हवी तेवढी पडलीय."

मी गन उचलून वजन बघत होते, तेवढ्यात मागून कुणीतरी हसलं. मोठ्याने नाही… नाकातल्या नाकात.

वळून पाहिलं. खेडच्या त्या मशिनरीच्या दुकानात, पंप आणि पाइपांच्या गर्दीत एक उंच मुलगा उभा होता. हातात ग्रीसने माखलेली पुली, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मी बघितल्यावर त्याने हसू आवरलं खरं, पण डोळ्यांतलं राहून गेलं.

"काही विनोद झाला का?" मी विचारलं.

"नाही. घ्या तुम्ही. गन चांगली आहे… सायकलचा रंग काढायचा असेल तर."

"जीप आहे."

"मग जीपचा रंग निघेपर्यंत तुम्ही म्हाताऱ्या व्हाल."

"उमेर, माझं गिऱ्हाईक फिरवू नको हां," महिपतशेठ म्हणाले, पण तेही हसत होते.

मला राग आला. दोन बस बदलून मी इथवर आले होते, ते कुणाच्या हसण्यासाठी नाही. "विचार करून येते," असं शेठना सांगून मी बाहेर पडले आणि तरातरा एसटी स्टँडवर गेले.

दापोलीची गाडी लागलेलीच होती. आत चढले, तर तिसऱ्या बाकावर, खिडकीशी, मांडीवर पुली घेऊन तोच बसलेला. माझ्या आधी पोचला कसा, देव जाणे. पुढे जागा होत्या, मागेही होत्या. मी सरळ त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"बोला आता," मी म्हटलं. "काय चुकीचं होतं त्या गनमध्ये?"

तो इतका दचकला की पुली पायावर पडता पडता वाचली. मला बरं वाटलं.

अर्धा रस्ता मागे पडेस्तोवर त्याने मला सगळं समजावलं. हवा किती जोरात येते त्यापेक्षा ती किती येते आणि किती वेळ येत राहते, ते महत्त्वाचं. छोटा कॉम्प्रेसर दोन श्वास घेतो आणि दमतो, मग तो भरेपर्यंत आपण नुसतं बघत बसायचं. ती गन वाळू ओढून घेते, तिच्यात जोर नसतो. जीपला हवी दाबाची टाकी, म्हणजे हवा आणि दाणे दोन्ही एका दाबाने पाइपातून येतात. आणि वाळू तर नकोच. समुद्राची तर मुळीच नको, तिच्यात मीठ. आज रंग काढाल, उद्या पत्र्यावर गंज बसेल.

"आणि नदीची?"

त्याने मांडीवरची पुली सारखी केली. बाहेर बघत म्हणाला, "शारजाला गोदीत होतो मी. जहाजांचा रंग काढायचं काम. माझ्या खोलीत गुहागरचा सुजय म्हणून होता. तो आधी कुठेतरी लहान वर्कशॉपमध्ये साध्या वाळूवर काम करायचा, तोंडाला नुसता रुमाल बांधून. ती बारीक धूळ छातीत जाऊन बसते… आणि निघत नाही. आता घरी असतो. अंगणातनं ओटीवर चढला तरी धाप लागते त्याला." मग माझ्याकडे वळला. "मघाशी हसलो ते चुकलं माझं. शेठनी वाळू म्हटलं ना, आणि तुम्ही मान डोलावलीत… भीती वाटली की मला हसू येतं. वाईट सवय आहे."

त्याच्यावर रागवायचं मी ठरवून आले होते. ते कुठल्या वळणावर राहिलं, कळलं नाही.

मग त्याने जीपबद्दल विचारलं आणि मी सांगत सुटले. अब्बा कुवेतला जायच्या आधी दापोली ते हर्णे ही जीप चालवायचे. मी बालवाडीत असताना ते गेले आणि जीप खोपीत उभी राहिली. मधल्या काळात अम्मीने घरामागे पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या. आता त्या मी बघते. पाहुणे खेड स्टेशनला उतरतात आणि तिथून आमच्याकडे यायला वैतागतात. दारात आपली जीप असताना? इंजिन दापोलीच्या मेकॅनिकने चालू करून दिलं होतं, पण ब्रेक अजून धड नव्हते, त्यामुळे घाट ओलांडून कुठल्या गॅरेजला नेणं अशक्य. जे करायचं ते घरीच. आणि अंगावर इतके रंग चढवलेले, की खालचा पत्रा शाबूत आहे की नुसता रंगच उभा आहे, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. अब्बा आता कायमचे परत येणार होते. फोनवर म्हणाले होते, येईन तेव्हा रस्त्यावर दिसली तर ठेवू, नाहीतर भंगारात.

"म्हणजे अब्बांना दाखवायचंय तुम्हाला."

"अब्बांना मी फोनमध्येच ओळखते जास्त," मी म्हटलं. मग उगाचच पुढेही बोलून गेले. "म्हणून तर मी ठरवून टाकलंय. आखातातला नको, जहाजावरचा नको. संध्याकाळी घरी येतो तो माणूस बरा."

"मी परत आलोय," तो पटकन म्हणाला.

"मी कुठे काय विचारलं?"

"नाही… मी आपलं सांगितलं."

कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या. मी खिडकीकडे बघितलं. खिडकी त्याच्या बाजूला होती, हे नंतर लक्षात आलं.

पुढच्या रविवारी तो हर्णेहून मोटरसायकलवर आमच्याकडे आला. आमचं घर हर्णे आणि मुरुडच्या मधल्या रस्त्यावर, नारळी-पोफळीच्या आत. अम्मीने आधी त्याच्या घरचं सगळं विचारून घेतलं. वडील नाहीत, आई आहे, मोठ्या भावाची होडी आहे, हा होड्यांची लोखंडी कामं दुरुस्त करतो. मग तिने त्याच्यापुढे चहा ठेवला.

उमेर जीपभोवती फिरला. बोटाने टकटक करत, कान लावून ऐकत. डॉक्टरच जणू. मी मागे मागे.

"सांगा, जगेल का?"

"मडगार्ड, सांगाडा, खालची पट्टी, हे दाबाने करू. पण बॉनेट आणि दारं नाही."

"का? मी तर म्हणते सगळंच एकदम—"

"पातळ सपाट पत्रा आहे. एका जागी मारा बसला की तापतो, फुगतो. मग तो परत सरळ होत नाही. ते हाताने घासायचं."

"हाताने? एवढं बॉनेट?"

"दोघं असलो की होतं," तो म्हणाला आणि घाईघाईने खाली वाकून चाक बघायला लागला.

दाबाची टाकी त्याने भावाच्या ओळखीने लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून मिळवली. वाळूऐवजी वापरायच्या गार्नेटची पोतीही तिथूनच आली, लालसर साखरेसारखे दाणे. अडलं ते कॉम्प्रेसरवर. तेवढी हवा देणारा मोठा कॉम्प्रेसर विकत घेणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं, आणि कामही एकाच जीपचं. उमेर रोज एक नवीन नाव घेऊन यायचा आणि संध्याकाळी ते नाव खोडायचा. दर वेळी निरोप फोनवरही देता आला असता. तो येऊन द्यायचा.

मार्ग सापडला तो मला. शेजारच्या गोदूबाई त्यांच्या वाडीत विहीर खोदून घेत होत्या. जांभा संपून खाली काळा कातळ लागला होता, म्हणून गावातला नितेश त्याचा ट्रॅक्टर घेऊन आला होता. मी कपडे वाळत घालत होते आणि तो धडधडाट कानावर येत होता. एकदम माझे हात थांबले. ट्रॅक्टरच्या मागे काय असतं? कातळ फोडायची हवा कुठून येते? मोठ्या कॉम्प्रेसरमधूनच.

ओला टॉवेल खांद्यावर तसाच टाकून मी उमेरला फोन लावला. फोनमध्ये मी नितेशच्या ट्रॅक्टरचा आवाजच ऐकवला.

मग तो म्हणाला, "तस्नीम… मी इतके दिवस चिपळूण पालथं घातलं."

"माहितीय. गोदूबाईंच्या विहिरीवर यायचं होतं."

माझं नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं होतं. टॉवेलचं पाणी पाठीवरून ओघळत होतं, ते मला बऱ्याच वेळाने जाणवलं.

नितेश तयार झाला. उमेरने हवा कमी करायचा रेग्युलेटर बसवला, हवेतलं पाणी आणि तेल अडवायला दोन फिल्टर लावले. "आपल्याकडची हवाच ओली," तो म्हणाला. "गाळली नाही तर दाणे टाकीतच चिकटून बसतील." खोपीच्या तिन्ही बाजूंनी ताडपत्र्या बांधल्या. तरी गोदूबाई कमरेवर हात ठेवून कुंपणाशी आल्याच.

"माझी सुपारी वाळत घातलीय हां अंगणात. तिच्यावर कण पडला तर तुझी जीप मी विहिरीत ढकलीन."

मग आम्ही आधी त्यांची अंगणभर पसरलेली सुपारी गोळा केली. अम्मी, मी, उमेर आणि स्वतः गोदूबाई, टोपल्या भरभरून. एका टोपलीत माझा आणि उमेरचा हात एकाच वेळी गेला. त्याने सुपारी सोडून दिली, मीही सोडून दिली. ती बिचारी अंगणातच राहिली, आणि गोदूबाईंनी आम्हा दोघांकडे बघत ती उचलली.

काम सकाळीच सुरू केलं. उमेरने जाड कपडे घातले, डोक्यावर बाहेरून हवा येणारा टोप चढवला. ताडपत्रीबाहेर मी उभी, तोंडाला त्यानेच आणलेला चांगला मास्क, हात झडपेवर. तो इशारा करायचा तेव्हा मी झडप फिरवायची. सळसळ असा आवाज झाला… आणि जीपच्या अंगावरून रंग उतरायला लागला.

वरचा पांढरा गेला. खालून गर्द निळा आला. मग हिरवा. हिरव्याखाली… आभाळासारखा, फिकट निळा. अम्मी चहा घेऊन आली होती, ती ताडपत्रीच्या फटीशी थांबली. आतमध्ये उमेरलाही काहीतरी जाणवलं असावं. त्याने पाइप बाजूला घेतला, मी झडप बंद केली.

"हा," अम्मी म्हणाली. "मी या घरात आले ना, तेव्हा ही या रंगाची होती. हर्णेपासून इथपर्यंत तुझ्या अब्बांनी एक शब्द काढला नाही. नुसते आरशात बघत होते." मग तिच्या लक्षात आलं, की परका मुलगा ऐकतोय. तिने पदर सारखा केला आणि कप तिथेच दगडावर ठेवून गेली.

उमेरने टोप काढला. केस घामाने चिकटलेले. "मग रंग ठरला," तो म्हणाला. मी मान हलवली.

दुपारी मी हट्ट धरला, मलाही करायचंय. त्याने नको म्हटलं नाही. त्याचा टोप त्याने माझ्या डोक्यावर ठेवला, पट्टा आवळला, दोनदा तपासला. आत त्याच्या साबणाचा वास होता आणि गार वाऱ्याची झुळूक. पाइप वाटला त्यापेक्षा जड निघाला. सुरू झाल्याबरोबर तो मला मागे ढकलायला लागला. तेवढ्यात मागून त्याने पाइपाला हात दिला, माझ्या हाताच्या जरा मागे, लागणार नाही असा. मास्कमधून ओरडून सांगत होता, "तिरकं धर… थांबू नको… सरकत राहा."

माझ्या समोर मडगार्ड राखाडी होत गेलं. कोवळं, स्वच्छ, नुकतंच जन्मल्यासारखं लोखंड. मला वाटलं नव्हतं, लोखंड इतकं सुंदर दिसतं म्हणून.

उन्हं कलली तसा उमेर बेचैन झाला. "आता घाई. उघडा पत्रा रात्रभर ठेवता येत नाही. दव पडायच्या आत प्रायमर बसला पाहिजे, नाहीतर सकाळी सगळं तांबूस." आम्ही धूळ झटकली, पुसलं. तो प्रायमर मारत गेला, मी दिवा धरून सुटलेल्या जागा दाखवत गेले. समुद्राकडून ओलसर वारा सुरू झाला तेव्हा शेवटचा कोपरा राहिला होता, मागच्या चाकाच्या वरचा. तो झाला. आम्ही दोघंही खोपीच्या उंबऱ्यावर बसून राहिलो. जीपला हात लावायचा नव्हता. एकमेकांना तर नव्हताच.

"छान झाली," तो जीपकडे बघत म्हणाला.

"हो," मी म्हटलं. मी जीपकडे बघत नव्हते.

त्या कामाची बातमी हर्णे बंदरावर आमच्याआधी पोचली. कुणी येऊन जीप बघून जायचा, कुणी विचारायचा, माझ्या होडीचा जाळं ओढायचा विंच असा साफ होईल का, कुणाचा नांगर, कुणाची पाण्याची टाकी. उमेर प्रत्येकाला "बघू" म्हणायचा. संध्याकाळी आम्ही बॉनेट घासत बसायचो, समोरासमोर, पॉलिश पेपर ओला करत. काही बोलायचो, काही नाही. अशाच एका संध्याकाळी त्याचे हात थांबले.

"शारजाहून व्हिसा आलाय," तो म्हणाला. "गोदीत फोरमन म्हणून. पुढच्या महिन्यात बोलावलंय."

मी घासत राहिले.

"मी परत येतानाच ते म्हणाले होते, बोलावू. मला वाटलं, तोंडदेखलं म्हणतात. भाऊ म्हणतो, अशी संधी सोडशील तर वेडा."

"बरोबर म्हणतो."

"तस्नीम…"

"मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," मी म्हटलं. 'तुम्ही' मुद्दाम म्हटलं. मधल्या काळात ते कधी गळून गेलं होतं, ते दोघांच्याही लक्षात आलं. "माझी अम्मी ईदला मोबाईल भिंतीला टेकवून त्याच्यासमोर जेवायची. अब्बा पलीकडे जेवायचे. मला ते नको. तुम्ही जा… मनापासून सांगते, जा. पण मी वाट बघणारी बाई होणार नाही."

"मी तुला वाट बघ म्हटलं नाही."

"तेच तर," मी म्हटलं आणि बादलीतलं पाणी माडाच्या बुंध्याशी ओतून घरात गेले.

नंतर तो आला ते माझ्या गैरहजेरीत. ब्रेक झाले, रंग झाला. मी बाजारातून यायची तेव्हा जीप आणखी थोडी आकाशी झालेली असायची. अम्मी काही विचारत नव्हती. फक्त एकदा, भाजी निवडता निवडता म्हणाली, "मी वाट बघितली ती अब्बांची होती, म्हणून बघितली गो. पण तू बघावीस असं मला कधी वाटलं नाही." एवढंच. मी रात्री उशीत तोंड खुपसून रडले आणि सकाळी पाहुण्यांसाठी घावन घातले.

अब्बांना आणायला मीच खेडला गेले. घाटात जीप एकदाही कुरकुरली नाही. रेल्वेतून अब्बा उतरले, एका हाताने गुडघा सांभाळत. व्हिडिओत दिसायचे त्यापेक्षा उंचीने कमी वाटले. स्टेशनबाहेर आले आणि आकाशी जीपसमोर उभे राहिले. बॅग खांद्यावरच राहिली. त्यांनी मडगार्डवर हात ठेवला आणि मग आरसा हलवून नीट केला, जरासा, डावीकडे.

"हा रंग कुणी सांगितला?"

"रंगाखाली सापडला," मी म्हटलं.

"आणि काम?"

"मी केलं. आणि… एक जण."

"एक जण," अब्बा म्हणाले आणि शेजारच्या सीटवर बसले. दापोली येईपर्यंत ते आळीपाळीने रस्त्याकडे आणि माझ्याकडे बघत होते.

घरी आल्यावर त्यांनी त्या एका जणाला चहाला बोलावलं. उमेर आला, सलाम केला, खुर्चीच्या टोकावर बसला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. मी दाराशी उभी राहिले, मला कुणी आत जा म्हटलं नाही. अब्बांनी कामाबद्दल विचारलं, मग शारजाबद्दल. व्हिसाचं ऐकून त्यांनी कप खाली ठेवला.

"जायचं तर जा, बाबा. मी कुणाला नको म्हणणार नाही. हे छप्पर, त्या मागच्या खोल्या, सगळं तिकडचंच आहे." ते थांबले. "पण काल बाजारात गेलो. म्हटलं मुलीच्या आवडीचा मासा घ्यावा. आणि मला आठवेना… म्हणजे आठवायला ठाऊक असावं लागतं ना. तिच्या आईला फोन करून विचारलं. मासेवाली हसली. मला नाही हसू आलं."

उमेरने चहा संपवला, अब्बांचा हात दोन्ही हातांत धरला आणि गेला. मोटरसायकलचा आवाज वळणापलीकडे विरला. मी कप उचलले. त्याच्या कपात तळाशी साखर राहिली होती, ढवळलाच नव्हता.

त्यानंतर त्याच्याकडून काही कळलं नाही. महिना सरत आला. मी स्वतःला सांगत होते, गेला असेल… आणि नसेल गेला तरी मला काय.

मग एका संध्याकाळी पाहुण्यांना मासे हवे होते. अब्बांनी मला हर्णेला पाठवलं, लिलावाच्या वेळेला. जीप वर रस्त्यालगत लावून मी खाली बघितलं. वाळूवर टोपल्यांच्या रांगा, बोली लावणाऱ्यांचा गलका, आणि त्या सगळ्यापासून जरा दूर, ओढून ठेवलेल्या एका होडीशी, ताडपत्र्या बांधलेल्या. ताडपत्रीआडून नितेशच्या ट्रॅक्टरचं तोंड दिसत होतं.

माझा हात चावीवर होता. उतरावं की निघावं, कळेना. मासे दापोलीलाही मिळतात, असं काहीतरी वेडगळ मनात आलं. तेवढ्यात त्याने जीप पाहिली. हा रंग लपत नाही. तो वाळूतून चढून वर आला, धापा टाकत, आणि खिडकीशी उभा राहिला. भुवयांवर लालसर धूळ.

"गेला नाहीत," मी म्हटलं.

"नाही गेलो."

"भाऊ?"

"बोलत नाही. बोलेल कधीतरी. त्याच्याच होडीचा विंच करतोय, तोही फुकट." तो हसला आणि लगेच गंभीर झाला. मला आता ठाऊक होतं, त्याला भीती वाटली की हसू येतं.

"उमेर, माझ्यासाठी थांबला असशील तर…" मी समोरच्या काचेकडे बघत म्हटलं. "तर नको. पुढे कधीतरी तुला वाटेल, हिच्यामुळे राहिलो. ते मला सोसणार नाही."

त्याने दोन्ही हात खिडकीच्या काठावर ठेवले. नखांत प्रायमर.

"तुझ्यासाठी नाही थांबलो," तो म्हणाला. "खरंच. तुझ्या घरून निघालो, ते थेट गुहागरला सुजयकडे गेलो. दिवसभर बसलो त्याच्याजवळ. मग बंदरावर आलो, ज्यांना ज्यांना 'बघू' म्हटलं होतं त्यांना 'करतो' म्हणून सांगितलं, आणि शारजाला 'येत नाही' म्हणून कळवलं. मला इथे राहायचं होतं, हे मला आधीच ठाऊक होतं… फक्त ते कुणाला सांगायची हिंमत नव्हती. ते सगळं झालं. काम सुरू झालं. आता एवढंच राहिलंय."

"काय?"

"तुला विचारायचं. लग्न करशील का माझ्याशी? संध्याकाळी घरी येईन मी. धुळीने माखलेला, पण येईन."

खाली कुणाची तरी बोली सुटली, टोपली उचलली गेली, पुढची आली. इंजिन अजून सुरूच होतं, आणि जीप त्याच्या हातांखाली थरथरत होती.

मी चावी फिरवली. इंजिन बंद झालं.

"परत सांग," मी म्हटलं. "इंजिनच्या आवाजात नीट ऐकू नाही आलं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला पहिल्या वेळीच सगळं ऐकू आलं होतं, हे त्याला कळलं. तरी त्याने परत सांगितलं, शब्द न् शब्द, सावकाश, धुळीचंसुद्धा. आणि ते संपल्यावर मी दार उघडून खाली उतरले आणि त्याला म्हटलं, "चल, आधी मासे घेऊ. मग घरी जाऊन अब्बांना सांगू. मला सुरमई आवडते, लक्षात ठेव."